दुपारच्या नाटकाची नक्कल

हुबळीच्या विद्यानगरात अंबूताईंना सगळे ओळखतात ते पद्मनाभ वकिलांची बायको म्हणून. त्या स्वतः संस्कृत घेऊन बी.ए.ला पहिल्या आल्या होत्या, ते कुणी विचारत नाही. वकीलसाहेबांनी उभा जन्म धारवाडच्या कोर्टात काढला आणि आता त्यांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही. बायको जरा नजरेआड झाली की घर डोक्यावर घेतात. एक नर्स ठेवली होती. तिची अशी उलटतपासणी घेतली की बाई चपला विसरून पळाली.

उपाय एकच होता. पुण्याहून आणलेली, एका संगीत नाटकाची डीव्हीडी. दुपारी ती लावली की नांदीपासून भरतवाक्यापर्यंत हे गृहस्थ जागचे हलत नसत. तेवढ्या वेळात अंबूताई बाहेरून कडी घालून उणकल तळ्यावर जात. कशाला? कशालाच नाही. बाकावर बसत, मिरची भजी खात, कुणाशी बोलत नसत. अख्ख्या दिवसात त्यांचा म्हणावा असा तेवढाच तुकडा.

मग तबकडी अडकू लागली. दुसऱ्या अंकात नायिका तान घेता घेता गोठायची, की इकडे "अंबू! अंबू!" सुरू. एकदा त्या कोपऱ्यावरून धावत परतल्या, तर आतून दारावर डोकं आपटणं चाललेलं.

बंगळूरच्या मुलाने, श्रीहर्षने, फोनवर सांगितलं, "आई, डीव्हीडी कोण बघतं गं आता? ऑनलाइन असेल की." नव्हतं. तबकडी काढणारी कंपनी केव्हाच बुडाली होती.

दुर्गदबैलच्या बाजारात यशपालचं दुकान आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटी तो उतरवून देतो. त्याने तबकडी उजेडात धरली.

"अक्का, लग्नाची असती तर आत्ता उतरवून दिली असती. हिला आतून कुलूप आहे, नक्कल होऊ नये म्हणून."

"तबकडी माझी, विकत घेतलेली. कुलूप कुणाचं मग?"

"तेच तर भांडण आहे. घरी बघायला एक प्रत चालते म्हणतात. पण कुलूप मोडलेलं चालतं का? दहा वकिलांना विचारा, अकरा उत्तरं येतील. घरात वकील आहेत की तुमच्या."

"त्यांना विचारता आलं असतं तर तुझी पायरी कशाला चढले असते?"

यशपालने तबकडी पुन्हा उजेडात धरली. "विकणार नाही ना? कुणाला देणार नाही?"

"तळ्यावर बसून भजी खाणार आहे. कर."

नक्कल झाली. कुठे अडखळ नाही. दुपारी ती लावून अंबूताईंनी चपला घातल्या.

"थांबा," पद्मनाभराव म्हणाले. "नोटीस कुठाय?"

नाटकाआधी पडद्यावर तंबी यायची, नक्कल करणे हा गुन्हा आहे म्हणून. ती तंबी वकीलसाहेब रोज निकालासारखी मोठ्याने वाचत. अंबूताईंचं लक्ष तेव्हा दाराकडे. त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. यशपालने तो भाग बिनकामाचा म्हणून काढून टाकला होता.

"ही नक्कल आहे. मूळ कुठे?"

"कपाटात. बिघडली."

"विकली कुणाला? भाड्याने दिली?"

"नाही हो!"

कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा खणखणीत लागला होता. अंबूताईंना क्षणभर बरंही वाटलं. पण पडद्यावरचं नाटक थांबलेलंच.

"पुढची तारीख उद्या."

त्यांनी यशपालकडून तंबी जोडून आणली. व्यर्थ. "प्रकरण कोर्टात असताना पुरावा वाजवून कसा दाखवता?" मूळ तबकडी लावायला गेल्या, तर ती आता सुरूच होईना. रोज दुपारी सुनावणी आणि रोज नवी तारीख. तळ्याचं नाव काढायची सोय उरली नाही.

एक दिवस अंबूताई वैतागून म्हणाल्या, "मी केला गुन्हा. कबूल आहे. आता तरी लावू द्या नाटक."

"बाई, वकिलाशिवाय असलं काही बोलू नका. कोण आहे तुमचा वकील?"

"तुम्हीच."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. अंबूताईंचा हात हातात घेतला, फार मायेने.

"मग घाबरायचं नाही. मी आहे. फक्त एक, जामीन होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."