सासूबाईंच्या टेस्टची गाडी

मोटार ट्रेनिंग स्कूलची पांढरी गाडी मागे घेताना सुदेशने ती थेट सासऱ्यांच्या होडीवर घातली. होडी पाण्यात नव्हती. सासरे दामाजी वारल्यापासून ती डोंबिवलीच्या खाडीकिनारी, कोळीवाड्याच्या मैदानात दगडांवर टेकून उभी होती. एवढी मोठी, निळ्या-पिवळ्या रंगाची वस्तू आरशात दिसली नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. सुदेशला ती दिसली, चांगली स्वच्छ दिसली. फक्त दिसल्यावर पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी शेजारी गेला.

होडीला ओरखडासुद्धा आला नाही. गाडीची मात्र डिकी आत गेली, झाकण आ वासून वर राहिलं आणि मागचा लाल दिवा वायरीवर लोंबकळायला लागला.

"मी बोललेलो थोडी मागे घ्या," मोटार स्कूलवाला केदार चहाचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाला. "बर्फाच्या टेम्पोला वाट पाहिजे होती, बस."

सुदेश गाडीतून उतरला नाही. समोर चंद्रभागाबाई उभ्या होत्या, त्याच्या सासूबाई. कंबरेला पदर खोचलेला, हातात मासळीची रिकामी पाटी. उद्या सकाळी कल्याणला त्यांची ड्रायव्हिंग टेस्ट होती आणि टेस्ट याच गाडीवर द्यायची होती. त्यांच्या शिकाऊ लायसनची मुदतही उद्याच संपत होती. उद्याची टेस्ट चुकली, की पुन्हा कम्प्युटरसमोर बसून ती गोल-तिकोनी चिन्हं ओळखण्यापासून सुरुवात. ते आपण जन्मात परत करणार नाही, असं बाईंनी जाहीर केलेलं होतं, आणि बाई जाहीर केलेलं बदलत नसत. पापलेटचा भावसुद्धा नाही.

बाईंनी डिकी पाहिली. होडी पाहिली. होडीवरून एकदा हात फिरवला.

"जावय," त्या शांतपणे म्हणाल्या, "मना उद्या गारी पायजे."

बाई त्याला कधीही 'अहो जावय, तुमी' सोडून बोलल्या नव्हत्या. आजही मान दिलेला होता, फक्त 'अहो' गळालं होतं.

बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर हे गाडीचं का काढलं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्यांची मुलगी, म्हणजे सुदेशची बायको दक्षता म्हणायची, धक्क्यावरून मासळी आणताना टेम्पोवाले आईला रखडवतात म्हणून. कोळीवाड्यातल्या बायका म्हणायच्या, नवरा गेल्यावर बाईला चैन पडत नाही. केदारचं मत, फीचे पैसे वसूल करायला ती बाई विमानही शिकेल. खुद्द बाईंना कोणी विचारलं, की त्या कोयता धुवत म्हणायच्या, "बोंबील घेनार हायस का? नायतर सरक."

संध्याकाळभर गाडी शोधणं चाललं. केदारची दुसरी गाडी शीळफाट्याला गॅरेजमध्ये, क्लचप्लेट काढून ठेवलेली. बर्फवाल्याने दिलदारपणे टेम्पो देऊ केला, पण टेस्ट मोटारीची होती. बाईंचा भाचा साईनाथ आपली नवीकोरी गाडी घेऊन हजर झाला. बाई आत बसल्या आणि पायाशी वाकून बघत राहिल्या.

"क्लच कुठं हाय?"

"मावशे, ऑटोमॅटिक आहे. क्लच नसतोच हिला."

"मंग डावा पाय कुठं ठेवू?"

"कुठेपन ठेव. त्याला काम नाय."

"इतकी वर्सं वागवला नि त्याला काम नाय?" बाई उतरल्या. "नको रं बाबा. उद्या सवयीनं क्लच म्हनून ब्रेकच दाबीन नि सायबाचं डोकं काचेवर आपटंल."

मग दक्षता म्हणाली, "आपली गाडी आहे ना."

सुदेश जमिनीकडे बघू लागला. हे वाक्य येणार, ही भीती त्याला डिकी फुटल्यापासून होती. त्याची छोटी गाडी ठाकुर्लीला बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असायची. दसऱ्याला तिला हार चढायचा, बोनेटवर आपट्याची पानं ठेवायची, आणि पुन्हा कव्हर. लायसन त्याच्याकडे होतं, पण ते मैदानात थोडं पुढे, थोडं मागे करून मिळालेलं. त्या मैदानात रिक्षा नव्हत्या. बाई त्या गाडीत एकदाच बसल्या होत्या, शहाडला एका साखरपुड्याला जाताना. येताना 'मना बाजारात जायचंय' म्हणून वाटेतच रिक्षाने गेल्या. बाजार तोवर कधीच उठलेला होता, हे सुदेशच्या लक्षात आलं नव्हतं.

"इन्शुरन्स आहे," दक्षता मोबाइल बघत म्हणाली. "पीयूसी संपलीय, ती सकाळी वाटेत पंपावर काढा. कल्याणपर्यंत तुम्ही चालवत न्या."

"पत्री पुलावरून?" सुदेशने विचारलं.

"नाही, खाडीतून न्या. होडी आहेच."

सकाळी बाई ठाकुर्लीला रिक्षाने आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोली, हातात पूजेचं ताट. गाडीला पुढेमागे लाल 'एल' काढलेले कागद चिकटवलेले होते. सुदेशने रस्ता धरला तो गाय चरायला निघाल्यासारखा. पीयूसीवाल्याने धुराची नळी लावून "पास" म्हटलं, तेव्हा निदान कोणीतरी पास झालं म्हणून त्याला बरं वाटलं.

पण पत्री पुलाच्या चढावर पुढची गाडी थांबली आणि सुदेशची बंद पडली. त्याने चावी फिरवली. गाडीने एक आचका दिला आणि ती मागे सरकायला लागली. हळू, नम्रपणे, पाहुणा उठून निघतो तशी. मागे शाळेची बस होती. आरशात तिचं पिवळं तोंड वाढत चाललं होतं. बस हॉर्न वाजवत होती. सुदेशला ब्रेक, क्लच, डावा, उजवा, कुठलाही शब्द आठवेना. काल होडी होती, आज पोरं आहेत, एवढंच डोक्यात घुमत होतं.

करकर आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. बाईंनी हँडब्रेक ओढला होता. दुसऱ्या हातात ताट तसंच होतं.

"उतर," बाई म्हणाल्या.

मानाचं 'तुमी' पुलाखाली रेल्वेच्या रुळांवर पडलं होतं. सुदेश उतरला, वळसा घालून आला, ताट मांडीवर घेऊन बसला. शेजारी लायसनवाला माणूस बसलेला असला की शिकाऊ माणसाने चालवलेलं चालतं, त्यामुळे कायद्याचं तेवढं काम तो करत होता. बाईंनी ओठात एकविरा आईचं नाव घेतलं, चावी फिरवून क्लच सोडला आणि गाडी चढावरून सरळ वर गेली. मागे बस हॉर्न वाजवायची विसरली.

आरटीओच्या मैदानाबाहेर बाईंनी गाडी लावली आणि पूजा मांडली. होडीची पूजा पाण्यात उतरवताना करायची, घरी नाही. आणि कोळ्याच्या होडीचं जे, तेच गाडीचं. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू, नाळेवर नारळ. इथे नाळ म्हणजे बोनेटचं टोक. नारळ दणकून फुटला, पाणी धबधबा खाली आलं आणि समोरचा 'एल' भिजून, सुटून चिखलात जाऊन पडला.

सुदेशला आता घाबरायलाही जागा उरली नव्हती. बिनएलाच्या गाडीला आत कोण घेणार? आसपास दुकान नव्हतं. मैदानातून नाव पुकारलं गेलं. चंद्रभागा दामाजी.

बाईंनी पूजेच्या ताटाखालचा पांढरा कागद काढला. कुंकवात बोट बुडवलं आणि एक उभी, एक आडवी रेघ ओढली. कागद वायपरखाली खोवला.

इन्स्पेक्टरने तो निरखून पाहिला, बोट लावलं. बोट लाल झालं.

"हे काय आहे, मावशी?"

"यल," बाई म्हणाल्या.

साहेबाने बोट रुमालाला पुसलं आणि गाडीत बसला. सुदेश कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. बंद करून पुन्हा सुरू केली की त्याची गाडी पहिल्यांदा हमखास बंद पडते, हे सांगायचं राहून गेलं होतं. त्याने डोळे मिटले. काल मी, पुलावर मी, आताही मीच, असं त्याला वाटलं. डोळे उघडले तेव्हा गाडी वळणावर होती. मग साहेबाने मागे घ्यायला सांगितलं असावं, कारण बाईंनी मान वळवली आणि गाडी खांबांच्या मधून उलटी येत राहिली, एकाही खांबाला न लागता. सुदेशला होडी आठवली आणि त्याने नजर खाली घातली.

साहेब उतरला. काहीतरी लिहिलं. "घरी येईल लायसन पोस्टाने," म्हणाला. "कुंकू धुवून टाका पण, मावशी."

बाई पदराने तोंड पुसत जाळीपाशी आल्या. त्यांनी ताटातला खोबऱ्याचा तुकडा सुदेशच्या हातावर ठेवला. इतके दिवस कोणालाच न मिळालेलं उत्तर आज मिळेल असं वाटून त्याने विचारलं, "आई, खरं सांगा, या वयात गाडी शिकावी असं तुमच्या मनात आलं तरी कशावरून?"

बाई पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि पूर्ण मान ठेवून म्हणाल्या, "अहो जावय, तुमचे गारीन येकदा बसले व्हते ना."