वाकोल्याची खोली सोडली तेव्हा

बाबा मला एस.टी.त बसवायला कणकवलीपर्यंत आले होते. मांडीवर कपड्यांची पिशवी, पायाशी उकड्या तांदळाचं गाठोडं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीची सळई धरून उभे राहिले, आणि मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "कोणाक काय सांगू नको. कोणी विचारल्यान तर सांग, शिवणकाम शिकूक जातंय."

तुम्ही गावातल्या कितीजणांनी तेव्हा विचारलंत, आणि प्रत्येकाला शिवणकामच सांगितलं गेलं. खरं म्हणजे मी दादाचं गर्द सोडवायला निघाले होते.

गिरण्यांचा संप झाला, बाबांचं काम गेलं आणि ते आईला आणि मला घेऊन गावी परतले. वाकोल्याची खोली तेवढी राहिली. तिथे माझा थोरला भाऊ एकटा राहायचा. चांगला टर्नर होता, हात सफाईचा. पण त्या वर्षांत आमच्या गल्लीत गर्द पानतंबाखूइतकं सहज मिळायला लागलं होतं. तपकिरी पूड चांदीच्या कागदावर ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. शेजाऱ्यांचं पत्र येईपर्यंत गावी आम्हाला हा शब्दही ठाऊक नव्हता.

मी पोचले तेव्हा खोलीत पंखा नव्हता, स्टोव्ह नव्हता, आईची पितळी भांडी नव्हती. सगळं विकून झालं होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता, शर्ट खांद्यावरून घसरत होता. मला म्हणाला, "तू जा गं परत. माझी वाट लागलीय, तुझी कशाला लावून घेतेस?" शेजारच्या बाईंकडून पातेलं मागून आणलं आणि पेज शिजत घातली. गर्द सोडवणाऱ्या इस्पितळाचंही त्या बाईंनीच सांगितलं.

माझी समजूत अशी, की तिथे त्याला ठेवून घेतील आणि बरा करून हातात देतील. तिथल्या समाजसेविका सरोजताई, मूळच्या जालन्याकडच्या, बोलायला एकदम सरळ. म्हणाल्या, "खाटा मोजक्याच आहेत गं. आणि कोंडून सुटत असतं तर सगळ्यांचंच सुटलं असतं. रोज सकाळी त्याला इथे आणायचं. डॉक्टर बघतील, बोलतील. गोळ्या तुझ्याजवळ राहतील, त्याच्याजवळ नाही. आणि राहायचं त्याने घरीच, कारण सोडून जगायचंय ते घरीच ना?"

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. इस्पितळात येणारी मुलं या त्रासाला टर्की म्हणायची. नशा मिळाली नाही की हाडं पिळवटून निघतात, नाक-डोळे वाहतात, भर उकाड्यात दात वाजतात. मी त्याचे पाय चेपायची, तो मला शिव्या द्यायचा आणि मग माफी मागायचा. पण ते दिवस सरले. अंगात थोडं मांस आलं. एका सकाळी त्याने स्वतःहून दाढी केली, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

सुटलो नव्हतो. इस्पितळातून घरी यायचा रस्ता त्याच गल्लीतून. त्याचे जुने सोबती नाक्यावर बसलेले असायचे, खालून शीळ घालायचे. एकदा मी पाणी भरत होते तेवढ्यात तो उतरून गेला, आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे बघूनच मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात एकटीच गेले आणि सरोजताईंसमोर रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पडला तर पडला. त्याला उद्या परत आण, इथे कोणी हाकलत नाही. पण ती जागा बदला."

जागा बदलायची म्हणजे वाकोल्याची खोली विकून लांब बोरिवलीला दुसरी घ्यायची. गावी जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी तसा निरोप धाडला, आणि बाबा पहिल्या गाडीने हजर झाले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "मी जिवंत आसंय तवसर ही खोली जावची नाय." उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या खोलीत घातली होती. दादाकडे त्यांनी बघितलंही नाही.

सकाळी मी त्यांना आमच्याबरोबर इस्पितळात नेलं. दादा आत गेला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी वर्सोव्याचे एक कोळी गृहस्थ होते, त्यांचा मुलगाही आतच होता. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमचा कोण?"

बाबा खाली फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिवणकाम सांगतील. पण ते म्हणाले, "माझो झील. थोरलो."

"माझा धाकटा," ते म्हणाले. "मी त्याला तरीतून खाडीपलीकडे नेला, मढला, मेहुण्याकडे. आता तिथूनच आणतो. घरात ठेवला असता तर हातचा गेला असता."

दादा बाहेर आला तेव्हा बाबा उठले आणि त्याच्या उतरलेल्या शर्टाची कॉलर त्यांनी सारखी केली. त्या दुपारी जेवताना मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "बोरिवलीक पाणी येता मा?"

पाणी येत होतं. पूर्वेला, डोंगराच्या बाजूला एक लहान खोली मिळाली. तुमच्यातले काहीजण तेव्हा म्हणाले, मोक्याची वाकोल्याची जागा सोडून जंगलात गेले, वेडेच. पण तिथे खालून शीळ घालणारं कोणी नव्हतं. दादाला जवळच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं, मला अंधेरीला रेडिओचे भाग जोडायचं. मध्ये तो आणखी एकदा पडला, आणि स्वतःच मला येऊन म्हणाला, "चल गं, जाऊन येऊ." तेव्हा मी घाबरले नाही. रोजचं इस्पितळ आठवड्यावर आलं, मग महिन्यावर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता वाटलं तरच या. आम्ही दोघं फाटकाबाहेर आलो आणि कुठे जायचं तेच सुचेना, इतकी ती वाट अंगवळणी पडली होती. मग दादा हसला. त्याचं ते हसणं मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघितलं.

गावचं घर अजून माझं आहे. तिथे गेले की विहिरीचं पाणी पिऊन पोटात गार वाटतं, आणि तुमच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप मालवणी होते. पण परतीच्या गाडीत बसले की मला घरी निघाल्यासारखं वाटतं, ते बोरिवलीच्या या दोन खोल्यांमुळे, दादाच्या आणि माझ्या. लग्नानंतरही मी मागच्याच गल्लीत राहिले. गुरुवारी दादा माझ्याकडे जेवतो. कधी कामात अडकतो, वेळेवर येत नाही. मग मी आमटी झाकून ठेवते, आणि तो आला की गरम करते.