जिवलीने आणलेलं पुस्तक

सापगावात जिवलीशी भांडायला निघालेला माणूस आधी घरून तांब्याभर पाणी पिऊन निघे. नवरा तापाने गेला, दिरांनी तिला गाडीत घालून भावाच्या दारात आणून सोडली, तेव्हा ती विशीतसुद्धा नव्हती. पाट लावून पुन्हा संसार मांडायला दोन स्थळं सांगून आली. एकाला दात नाहीत म्हणून तिने परतवून लावलं, दुसऱ्याला दातच फार आहेत म्हणून. भावाने, काळूरामने, कपाळावर हात मारून घेतला आणि तिला शेतावर धाडलं. तिथे ती दोन गड्यांचं काम करी आणि चार गड्यांचं बोले.

अंबूबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. गावातच दिलेली, खाऊनपिऊन सुखी घरात. तिची धाकटी जाऊ सुंदरा शहापूरची, मराठी चार इयत्ता शिकून आलेली. भात झोडून कणगीत पडलं की दुपारच्या अंबूबाईच्या पडवीत आठ-दहा बाया जमायच्या आणि सुंदरा पुस्तक वाचायची. पुस्तक कुठलं, हे बारीबारीने एकेकीने सांगायचं. कुणी माहेरी ऐकलेलं सांगे, कुणी बहिणीकडून कळलेलं. मास्तरांची बायको ताराबाई नवऱ्याकडून ते शहापुराहून मागवून घेई. ताराबाईच्या बारीला हटकून रडकं पुस्तक यायचं. अंबूबाईला खून पडल्याशिवाय गोड लागत नसे.

आणि जिवली? पुस्तक संपलं की सगळ्या तिच्याकडे बघत. "हा बाप्या येवडा शाना, तर पयल्याच दिवशी बायकोला खरं का नाय सांगत? पुस्तक तितंच संपलं असतं म्हनून?" असं ती म्हणाली की पडवी हसून लोळायची. पुस्तक चांगलं की टाकाऊ, हे तीच ठरवी. पण पुढचं पुस्तक कुठलं, हे तिला कोणी कधी विचारलं नाही.

कारण पडवीची एक रीत होती. नवं सूप, नवा विळा घरात आला की त्याला हळदकुंकू लागतं, तसं पुस्तकालाही लागायचं. जिने पुस्तक सांगितलं तिने पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू लावायचं, मग सुंदराने ते उघडायचं. विधवेने कुंकवाला हात कसा लावायचा? तेव्हा बारी फिरत फिरत जिवलीपाशी आली की शेजारची बाई खाकरायची आणि आपलं पुस्तक सांगायची. कुणी काही बोलत नसे. जिवलीही बोलत नसे, आणि जिवली बोलत नाही म्हणजे काय, हे त्या शहाण्या बायांना कळायला हवं होतं. वर्षामागून वर्षं तिने तो घोट गिळला. घरी येऊन ती जातं असं ओढायची की काळूराम उठून बाहेर जायचा.

जर्मनची लढाई सुरू झाली त्या साली पौषात काळूराम बैल घ्यायला मुरबाडकडे म्हसाच्या जत्रेला निघाला. जिवली घोंगडीसाठी गाडीत बसली. घोंगड्यांच्या रांगेच्या टोकाला एक पुस्तकवाला मोठ्याने वाचत बसला होता. पुस्तकातली बाई दिरांच्या दारात उभी राहून आपल्या वाट्याचं शेत मागत होती. दीर आतून कडी घालत होते. बाई म्हणाली, मी इथून हलणार नाही. एवढं वाचून त्या लबाडाने पुस्तक मिटलं. जिवली तिथेच उभी राहिली. तिने स्वतः तर तोंडातून शब्द न काढता गाडीत बसून माहेर गाठलं होतं. घोंगडी राहिली आणि पुस्तक आलं. काळूराम वाटभर बैलांशीच बोलत होता.

दुसऱ्या दुपारी ती पडवीत गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "या खेपेला माजी बारी. पुस्तक मी आनलंय."

ताराबाईने लुगड्याचा पदर नीट केला. कुणी खाकरलं नाही. अंबूबाईने पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. तिच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायला हवं. तिला खरंच वाटलं की आपण मैत्रिणीचं भलं करतोय.

"बेस झालं गो," ती म्हणाली. "ताराबाई हळदकुंकू लावतील. पुस्तक त्यांच्या नावावं धरू. वाचल्याशी कारन. ऐकायला मिळेल ना तुला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. केवढा सोपा मार्ग निघाला म्हणून पडवी सुखावली. जिवलीच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

"माज्या दिरांनी शेत घेतलं, तवा तेबी असंच म्हनले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नाव आमचं असू दे, तुला खायला मिळेल ना? अंबू, त्ये तर परके व्हते. तू माज्यासंगं एका ताटात जेवलेली. पुस्तक सरल्यावर माज्या तोंडचं तुमाला गोड लागतं, आन माजा हात लागला की पुस्तक इटाळतं? तुमच्या शेतात शेनामातीत राबते, तवा नाय इटाळत तुमचं भात?"

"रीत हाय गो ती. मी काय केली?"

"नायच केलीस. तू काहीच नाय केलंस, त्येच सांगतेय."

तिने अंबूबाईच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि निघून गेली.

घरी तिने पुस्तक उघडून बघितलं. अक्षरांच्या मुंग्याच मुंग्या. त्या बाईला शेत मिळालं की नाही, ते त्यांतच कुठेतरी होतं आणि जिवलीला ते दिसत नव्हतं. त्या दिवशी तिला रडू आलं ते रागाचं. पडवीत ती पुन्हा गेली नाही. पोरीसोरी बोलवायला आल्या, त्यांना तिने हाकलून दिलं.

आठवडाभराने सुंदरा स्वतः आली. जिवली अंगणात तांदूळ पाखडत होती.

"जाऊबायना सांगून आलेय," सुंदरा म्हणाली. "लय बोलल्या. बोलू दे. मला वाचायचंय त्ये पुस्तक."

"हळदकुंकू नाय लागायचं त्याला."

"नको लागू दे."

सुंदरा उंबरठ्यावर बसली आणि वाचू लागली. जिवलीचं सूप थांबलं ते थांबलंच. दुसऱ्या दिवशी शेजारची सकुबाई विस्तव मागायला आली आणि परत गेलीच नाही. मग दोघी आल्या, मग ताराबाई. फोडायला आवळे नाहीतर सोलायला वाल असं काहीतरी हातात घेऊन यायच्या, जणू त्यासाठीच आल्यात.

पुस्तकातली बाई मामलेदारापुढे उभी राहिली त्या दुपारी अंबूबाई आली. अंगणाच्या कडेला थांबली. तिचं येणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. सुंदराने वाचणं थांबवलं.

"बसू का गो?" अंबूबाईने विचारलं.

"बस की. अंगन काय माज्या एकटीचं नाय," जिवली म्हणाली. "पन एक सांगते. हितं पुस्तक सांगायची तुजी बारी येनार नाय."

अंबूबाईचा चेहरा पडला. तिच्याशी असं आजवर कोणी बोललं नव्हतं. "माजी बारी नाय? का म्हनून? आन कुठवर?"

"मला सांगितलं व्हतंस कदी, का म्हनून आन कुठवर?"

अंबूबाई हळूहळू पुढे आली आणि सगळ्यांच्या मागे, चुलीच्या लाकडांपाशी, खाली बसली. जिवलीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

"वाच गो," ती सुंदराला म्हणाली.