पैलवानांच्या फोटोला हार
चंदनाच्या हाराचा वास आला की मला आमच्या भोसरीतलं छोटं संग्रहालय आठवतं आणि अजूनही घाम फुटतो. कंपन्या येण्याआधीचं गाव जपायचं म्हणून आम्ही तालमीच्या माडीवर जुने नांगर, मोटेची चाकं, एका जुन्या पैलवानांनी दिलेली गदा, पितळी समया मांडल्या होत्या आणि भिंतीवर घरोघरचे फोटो टांगले होते. उद्घाटनाच्या सकाळी आमच्यातल्या एका हौशी काकांनी, काळापांढरा फोटो म्हणजे माणूस गेलेलाच असं धरून, झाडून सगळ्या फोटोंना हार घातले. मला ते दिसलं तेव्हा प्रमुख पाहुणे जिना चढत होते, आणि खांद्यावर गदा घेतलेला मधला फोटो त्यांचाच होता! म्हातारे पैलवान नुकतेच हृदयाच्या ऑपरेशनमधून उठले होते. मी हाराकडे झेपावलो, तोवर ते दारात उभे. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, ह्ये काय केलंत?" मुलगा कडाडला, "फोटो उतरवा! गदाबी द्या आमची माघारी!" पैलवानांचा हात छातीकडे गेला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "हार कुणी घातला?" काकांनी बोट वर केलं. "काढ त्यो." काकांनी काढला. पैलवानांनी मान पुढे केली. "कुस्ती मारल्यावर हार गळ्यात घालत्यात, भिंतीवर न्हाई. घाल!" तो हार मिरवतच त्यांनी फीत कापली. परवा संग्रहालयाने माझाही तरुणपणीचा फोटो मागितला. मी म्हटलं, बघू की, एवढी काय घाई आहे?