नारळातला केस

माझ्या बहिणीने फिटच्या गोळ्या बंद केल्या, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी जादूचे प्रयोग शिकायला बसलो. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

गोळ्या बंद करायला लावल्या त्या देवस्की करणाऱ्या एका माणसाने. त्याने आक्काच्या दारात नारळ फोडला, त्यातून लांब काळा केस ओढून काढला आणि सांगितलं, हा आजार नव्हे, करणी आहे. पोटात औषध असेतो उतारा लागू पडायचा नाही. आक्काने त्याच संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं फळीवर टाकली. पुढच्याच आठवड्यात तिला विहिरीवर फिट आली. कळशी आत गेली, पण आक्का कठड्यावर आपटली, म्हणून वाचली. भावजींनी मला फोन केला. "आयकणा नाय रे ती. तूच काय ता बघ." कुडाळचे डॉक्टर म्हणाले, आधी गोळी सुरू करा, बाकी मग बोलू. सुरू करा म्हणे! डॉक्टरांचं नाव काढलं की ती पदर झाडून उठायची.

आमच्या ऑफिसातला एकजण हौसेने शाळांतून जादूचे खेळ करतो. त्याला नारळाचं विचारलं, तर त्याने चहा संपायच्या आत सांगून टाकलं. शेंडीखाली तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ. शेंडी न उपटता जराशी बाजूला सारायची, त्या डोळ्यातून सुईने वस्तू आत ढकलायची आणि शेंडी दाबून बसवायची. एवढंच. पण ते जमेपर्यंत घरात रोज नारळाची चटणी आणि सोलकढी व्हायला लागली. कधी शेंडीच हातात यायची, कधी केस आत तुटायचा. बायको वैतागली. "तोंड चालू ठेव," माझा गुरू सांगायचा, "लोक तोंडाकडे बघतात, हाताकडे नाही." त्याची ती मुलांपुढची बडबड मला काही जमेना. इकडे फोन वाजला की भावजींचा तर नाही ना, ते आधी बघायचो, कारण पुढची फिट विहिरीवर येईल की चुलीपुढे, कोण सांगणार? शेवटी मला तोंडपाठ असलेलं एकच बोलणं मी घेतलं. देवळात, दारात, अगदी नव्या मोटरसायकलपुढेसुद्धा लहानपणापासून ऐकलेलं, देवाला घालायचं गाऱ्हाणं.

रविवारी दुपारी आक्काच्या पडवीत बसलो. तिच्या कपाळावर कठड्याची जखम अजून ओली होती. नारळ मी घरूनच तयार करून नेला होता.

"बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली, "आज हय जो काय नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा," आक्का म्हणाली. गाऱ्हाणं ऐकलं की आमच्याकडे तोंडातून ते आपोआप येतं. भावजींच्याही आलं.

"तेच्यात जा काय वायट आसात, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोयत्याचा घाव बसला, पाणी सांडलं आणि दोन बोटांत धरून मी केस ओढला. इतका सफाईने तो कधीच आला नव्हता. आक्का मागे सरकली. मी लगेच शेंडी उचलून भोक दाखवलं. "हय बघ. हयसून मीच घातलंय. तेनी पण असोच घातल्यान. फसवल्यान तुका!"

तिने ते नारळाचं भकल हातात घेऊन भोकाकडे नीट पाहिलं.

"बरोबर आसा," ती म्हणाली. "करणीक आत शिराक वाट नको?"

मी पुन्हा सांगितलं. सुई दाखवली. ती उठली, पदर सारखा केला आणि माझ्या, धाकट्या भावाच्या, पाया पडली. "तुझ्या हाताक गुण आसा, ता माका म्हायत नव्हता. आता तूच सांग. गोळी घेव काय नको?"

मी भावजींकडे पाहिलं. त्यांचेही हात जोडलेले होते. मला भयंकर राग आला. तिचा, त्या भामट्याचा आणि नेमका आजच चाललेल्या माझ्या हाताचा. आणखी एकदा खरं सांगितलं असतं, तर कदाचित तिला पटलं असतं. कदाचित. आणि नसतं पटलं तर ती उद्या पाण्याला जाणारच होती.

"घे," मी म्हणालो. आवाज त्या देवस्कीवाल्यासारखा घोगरा काढला. "रोज. रात्री जेवल्यावर."

"व्हय म्हाराजा," आक्का म्हणाली आणि भावजी फळीवरची पाकिटं काढायला आत धावले.

तिला त्यानंतर फिट आलेली नाही. दर अमावास्येला मी ऑफिसातून लवकर निघून तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं घालतो, नारळ फोडतो आणि गोळी घे म्हणून सांगतो. नारळात आता मी काहीच घालत नाही. ती आत बघतही नाही.