हात मागे

"हिच्या गळ्यात कॅमेरा कुणी घातला?" शेठ म्हणाला आणि पट्टा माझ्या डोक्यावरून ओढून काढला. चार केस उपटले. "आमच्या वाडीत चिकू निवडायला यायची ही. रांगेत जा गं. ब्लँकेट घे नि चालती हो."

कॅमेरा माझा. तलासरीत माझं फोटोचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. भूकंपाचे हादरे बसून वेवजीकडची घरं तडकली, तेव्हा मिलिटरी आली. शेठच्या चिकूवाडीला लागून तंबू ठोकले. मदतीचे फोटो काढायला तालुक्याच्या साहेबाने मला बोलावलं. तो तिसरा दिवस, मोठे पाहुणे येणार होते. शेठला आता फोटो भाच्याकडून हवे होते. साहेब बाजूलाच उभा होता. त्याने हातातल्या यादीत डोकं घातलं. जवान दोर ताणत होते, त्यांना मराठी येत नव्हतं.

मी रांगेत गेले. लहानपणी शेठचा बाप 'जा' म्हणाला की जायचे. पायांना तेवढंच ठाऊक.

माझ्याच पाड्यातली माणसं होती. पुढच्या म्हातारीची भिंत पडली होती, दुसऱ्या ब्लँकेटसाठी आली होती. तिने वळून पाहिलं.

"आज खाली उतरलीस काय बाय?"

दोन दिवस मी ट्रकवर उभी राहून फोटो काढले होते. साहेब म्हणाला होता, वरून काढ, रांग मोठी दिसते. दुकानात मी कॅमेरा माणसाच्या डोळ्यांसमोर धरते. ट्रकवरून नुसती डोकी दिसतात आणि पसरलेले हात. या म्हातारीला ब्लँकेट मिळालं होतं. फोटो हलला म्हणून मी ते तिच्याकडून काढून पुन्हा द्यायला लावलं. वरून ओरडले, "हात पुढे कर. आणखी पुढे."

माझा नंबर आला. भाचा ट्रकवर, एका हातात ब्लँकेट, दुसऱ्यात माझाच कॅमेरा.

"खाली बघ. हात पसर."

मी हात पाठीमागे नेले.

"ब्लँकेट नको काय?"

"हवंय. माझंही घर तडकलंय. खाली उतरून दे. कॅमेरा माझा आहे, तोही दे."

"माजलीस काय गं?" शेठ म्हणाला.

मी जागची हलले नाही. रांग अडली. पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसायला लागल्या, तसा भाचा उतरला आणि कॅमेरा माझ्या अंगावर टाकला. ब्लँकेट दिलं नाही.

माझ्यामागे कुणी हात मागे नेले नाहीत. थंडी होती.

एका तंबूमागे बसून मी दोन दिवसांचे सगळे फोटो पुसले. साहेबाने मागितले तेव्हा पुसले म्हणून सांगितलं. त्याने पुन्हा बोलावलं नाही. म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

पसरलेल्या हातांचा फोटो आता मी काढत नाही. कुणीही सांगो. ट्रकवर चढत नाही.

मी वारली बाई. चौथी शिकलेली. ट्रकवर मीच होते, रांगेतही मीच.