काकांची उलटी वायर

पिकअपच्या दोन्ही टाक्या इतक्या गंजल्या होत्या, की पेट्रोलबरोबर लाल चुराही इंजिनाकडे जायचा आणि गाडी चढावर धापा टाकायची. काकूंच्या लेकाने निक्षून सांगितलं होतं: आणखी एकदा रस्त्यात बंद पडली, की थेट भंगारात. काकूंचा मात्र या खटाऱ्यावर जीव. काकांच्या मागे रोपवाटिकेतली रोपं त्या याच गाडीतून स्वतः पोचवत.

मिस्त्रीच्या डोक्यावर बसून त्यांनी दोन्ही टाक्या नव्या घालून घेतल्या. नळ्या, पट्टे, पंपसुद्धा. मिस्त्री गाडीखाली आडवा आणि काकू स्टुलावर, त्याच्या सुनेबद्दलच्या तक्रारी ऐकत आणि बहुतेकदा सुनेचीच बाजू घेत.

गाडी मिळाल्यावर काकूंनी नेहमीसारखी पुढची टाकी भरली, टाकी निवडायचं बटण खाली केलं आणि निघाल्या. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला. पुलावर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

लेक दोर घेऊन आला. काकू एवढंच म्हणाल्या, आधी मिस्त्रीकडे. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरून त्या पुढच्या गाडीतल्या लेकाच्या मानेकडे बघत राहिल्या. बापासारखीच ताठ.

मिस्त्रीने मागच्या टाकीवर टिचकी मारली. रिकामी. तपासण्यापुरतं घातलेलं पेट्रोल संपलं होतं. पुढची काठोकाठ.

"काकू, बटण कुठे होतं?"

"खाली. पुढच्या टाकीवर."

मिस्त्री डोकं खाजवू लागला. काकांनी कधीकाळी स्वतः वायरी जोडताना अदलाबदल केली होती. टाक्या बदलताना त्याने ती निस्तरली, आणि सांगायचंच राहिलं. आता खाली म्हणजे मागची टाकी.

लेक म्हणाला, बटणाजवळ चिठ्ठी चिकटवू.

"माझ्या हाताला वाचता येत नाही," काकू म्हणाल्या. "मिस्त्री, यांची चूक होती तशी बसवून द्या. सगळा संसार तिच्यावर चालला, कुठे अडला नाही."

हातचं सरळ काम वाकडं करणं मिस्त्रीच्या जिवावर आलं. कुरकुरत तो डॅशबोर्डखाली शिरला आणि वायरी पुन्हा उलट्या जोडल्या. काकूंनी बटण खाली केलं, किल्ली फिरवली. गाडी घुमली.

लेक दोर सोडायला वाकला. गाठ त्याने बापाच्या पद्धतीने मारली होती, ती काही केल्या सुटेना. शेवटी काकूच उतरल्या. ती गाठ त्यांच्या ओळखीची होती. एका हिसक्यात सोडवली.